आषाढातला नारळ

मामा गेल्याची तार देवासला आली तेव्हा झड लागली होती. नदीचं पाणी उतरेना, रस्त्यांचा नुसता चिखल... धारला पोचलो तो दहाव्याच्या दिवशी. घराआधी वाटेत मामांचं तळं लागतं. तळ्यात जाळी पडलेली दिसली आणि मी टांग्यातून खालीच उतरलो. भर आषाढात, मामांच्या तळ्यात जाळी!

मामा मूळचे कोकणातले, खाडीकाठचे. संवत १९५६च्या, त्या छपन्याच्या दुष्काळानंतर दरबारनं त्यांना या तळ्याच्या देखरेखीवर नेमलं. दुष्काळात तळं आटलं आणि चिखलातलं शेवटचं पिल्लूसुद्धा लोकांनी उपसून खाल्लं होतं. मामांनी बाहेरून मासळी आणून सोडली आणि आपल्या गावचा नियम लावला: पावसाळ्यात मासळी अंडी घालते, तेव्हा नारळी पौर्णिमेचा नारळ पाण्यात पडेपर्यंत जाळं टाकायचं नाही. भोयांचा म्होरक्या भेरूजी खदखदून हसला होता. "मामासाब, यो दरियो थोड़ी हे, यो तो तलाव हे!"

"मासोळीला काय ठाऊक रे भिया, दरिया की तलाव?" मामा म्हणाले.

माणूस भलता हट्टी. एरवी मासळीवाचून घास उतरत नसे, पण बंदीचे दिवस वरणभातावर काढायचे आणि राग सगळा मामीवर. हळूहळू तळं पुन्हा भरलं. नारळ पडल्याशिवाय भोयांची पोरं गळदेखील टाकीनाशी झाली.

मग यंदा असं कसं झालं, ते भेरूजीनंच रडत रडत सांगितलं. दहाव्याच्या त्या सकाळी भोयांनी मिळून मामांच्या नावानं तळ्यात नारळ सोडला. "उनके घणो प्यारो थो, भिया..." पाण्यात नारळ पाहिला आणि पलीकडच्या काठावरच्यांनी नेहमीच्या सवयीनं जाळी टाकली. दुपारी बाजारात अंड्यांनी फुगलेल्या मासळीचे ढीग लागले. कुणाला बोल लावणार? प्रेमापोटीच घात झाला. तोवर कोरडे राहिलेले माझे डोळे ते ढीग पाहून वाहू लागले. एकदा उठलेली बंदी पुन्हा कुणाच्यानं बसवली गेली नाही, आणि पौर्णिमेपर्यंत तळं उपसून झालं होतं.

मामांनी शिमग्याला गावाहून मागवलेला यंदाचा नारळ देवघरात तसाच आहे. पौर्णिमेला मी तो उचलायला गेलो, तर मामी म्हणाली, "राहू दे रे. आता तो टाकून कुणाला काय सांगायचंय?"

परवा सहज हलवून पाहिला. पाणी आटलंय. सुटलेला गोटा तेवढा आत खुळखुळतो.