दुसऱ्यांच्या सात पिढ्या

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळींत घरभरणी असो, मुंज असो की कुणाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन, गाणं रचायचं राजारामनेच. गायचं मात्र चारुदत्तने. चारुदत्तचा गळा गोड, पेटीही त्याचीच, त्यामुळे टाळ्याही त्यालाच. राजाराम मागे चपलांच्या ढिगाशेजारी बसायचा आणि आपल्या ओळींवर माना डोलताना बघून खूष व्हायचा. भोळा म्हणावं की बावळट, तुम्हीच ठरवा.

सांता क्लाराच्या ऑफिसात त्याच्या शेजारी पॅट नावाचा इंजिनिअर बसे. त्याचे आजोबा आयर्लंडहून आलेले. राजारामचा हा उद्योग ऐकून पॅटने त्याला एकदा जेवताना सांगितलं, की जुन्या काळी आयर्लंडात सरदारांच्या पदरी कवी असत. ते अंधाऱ्या खोलीत उताणे पडून कवन जुळवत. सरदाराचे पूर्वज त्यात एकामागून एक ओवलेले असत. हार्प नावाच्या तंतुवाद्याच्या साथीवर ते म्हणायचा दुसराच कुणी, पण त्या वेळी कवी बसायचा सरदाराच्या शेजारी! आणि सरदाराने कवीचा अपमान केला तर? आधी स्तुतीत निंदा कालवून इशारा द्यायचा. तरी शहाणपण आलं नाही तर अशी निंदा रचायची, की म्हणे सरदाराच्या तोंडावर फोड उठत.

राजाराम पोट धरून हसला. पण शनिवारी भर दुपारी गराजचा दिवा मालवून तो गाडीशेजारी सतरंजीवर उताणा पडला. ओळी भराभर सुचल्या. मग ती सवयच लागली.

शहाऐंशी साली मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर हेमचंद्र साठ वर्षांचे झाले. आपलं कुलवृत्तान्ताचं जाडजूड पुस्तक घेऊन ते पहिल्यांदाच राजारामच्या घरी आले.

"राजाराम, आमच्या सात पिढ्या आल्या पाहिजेत हं गाण्यात. तुम्ही काय, आमच्या घरचेच!"

बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. डॉक्टरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि घड्याळात पाहिलं. राजारामची बायको सुजाता चहा घेऊन आली.

"नको वहिनी, ॲसिडिटी आहे," म्हणत ते उभ्या उभ्याच निघून गेले.

दोन दिवसांनी त्यांच्या पत्नीचा, उत्तराताईंचा फोन आला. "सकाळी साठीशांत आहे, पण ती अगदी घरच्यांपुरतीच. तुम्ही संध्याकाळी हॉलवर या. गाणं मात्र आणा हं!"

सुजाताच्या कपाळाला आठी पडली. राजाराम म्हणाला, "अगं, घरची पूजा आहे. उगाच कशाला मनात आणतेस?" आणि गराजमध्ये जाऊन त्याने डॉक्टरांचे सातही पूर्वज यमकात बसवले.

साठीच्या दिवशी संध्याकाळी हॉलच्या दारातच विवेक भेटला. हा पोरगा पुण्याहून नुकताच आलेला, डॉक्टरांशी ना नातं ना गोतं.

"काका, सकाळी दिसला नाहीत? पुरणपोळ्या काय मस्त होत्या यार! सगळं मंडळच होतं."

राजारामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सगळं मंडळ घरचं, आणि हा एकटा परका! भिंतीवरचा एक फोटो दिसताच घरचा माणूस बाहेरचा झाला. ओळी तेवढ्या चालतात, त्यांना विटाळ नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात; इथे तर वैद्यच गरज सरायच्याही आधी माणसाला मारत होता. त्या आयरिश कवींसारखा आधी इशारा मिळण्याचीही लायकी नव्हती यांची.

चारुदत्तने पेटी उघडली आणि कागदासाठी हात पुढे केला. राजारामने कागद खिशातच ठेवला. तो स्वतः माइकपुढे जाऊन उभा राहिला. त्याचे वडील आंबेडकरी जलशात गावोगाव गायचे. त्यांच्याकडून आलेला तो खडा आवाज या हॉलमध्ये आजवर कुणी ऐकला नव्हता.

"डॉक्टरांच्या सात पिढ्या पुस्तकात छापलेल्या आहेत," तो म्हणाला. "माझ्या कुठेच नाहीत. म्हणून आज माझ्या ऐका." आणि जुळवायला वेळ न घेता त्याने सूर लावला.

सगुणा ही माझी आजी, डोईवर मोळी वाहे
पाटलाच्या दारापुढे उन्हामध्ये उभी राहे

वरून ओतले पाणी, ओंजळीने पीत गेली
तिच्या तहानेतून ही माझी वाणी उगवली

पेटी मुकीच होती. कुणी टाळी वाजवली नाही. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले.

"राजाराम, हे घरगुती फंक्शन आहे. इथे कशाला हे विषय?"

"घरगुती ना डॉक्टर? मग सकाळी मी कोण होतो?"

डॉक्टरांनी उत्तराताईंकडे पाहिलं, उत्तराताईंनी हातातल्या बांगड्यांकडे. विवेकला आत्ता कुठे उमगलं. त्याने मान खाली घातली. राजारामने सुजाताला खूण केली आणि दोघं ताट वाढून न घेताच बाहेर पडली.

फ्रीवेवर तो गाडी चालवत नव्हता, हाणत होता. "कसं तोंड झालं होतं बघितलंस? माझ्याच ओळींवर जगतात साले, आणि मलाच..." तो बडबडतच राहिला. सुजाताने त्याला बोलू दिलं. तो दमून थांबला, तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू? इतकी वर्षं लोकांचे आजे-पणजे गायलात. स्वतःच्या आजींवर एक ओळ लिहायला तुम्हाला कुणी अडवलं होतं?"

राजारामचा ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल झाला. आता राग काढायचा तर समोर डॉक्टर नव्हते; होता तो स्वतःच.