बावखलाचा धडा

चौथीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात अन्नसाखळीचं एक चित्र होतं. गवत, हरीण, वाघ. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने हरीण पाहिलेलं नव्हतं, वाघ तर लांबच. निम्मी मुलं गावातली, वाड्यांमधली; निम्मी नव्या इमारतींमधून आलेली, ज्यांचे आईवडील सकाळी मुंबईला जात आणि दिवेलागणीनंतर परतत. मी स्वतः लग्न होऊन साताऱ्याकडून वसईत आलेली. तिसऱ्या वर्षी तो धडा पुन्हा शिकवायची वेळ आली, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. मुलं पाठ म्हणत होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

खिडकीबाहेर शाळेच्या कुंपणाला लागून केळीची वाडी होती आणि वाडीच्या मधोमध बावखल. वसईतल्या जुन्या वाड्यांमध्ये शिंपण्यासाठी खणलेली गोड्या पाण्याची तळी असतात, त्यांना इथे बावखल म्हणतात. वाडी एका म्हाताऱ्या ख्रिस्ती जोडप्याची होती. मी जाऊन विचारलं. आजीबाई म्हणाल्या, आणा पोरांना, फक्त केळीच्या पानांना हात लावू नका म्हणावं.

त्या पावसाळ्यात आणि नंतरही आम्ही दर शनिवारी तिथे जात होतो. काठावर बसून नुसतं बघायचं, बोलायचं नाही, एवढाच नियम. आधी मुलांना काहीच दिसत नसे. मग हळूहळू शेवाळ दिसू लागलं, शेवाळावरच्या गोगलगायी, पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या, त्या मटकावणारे बोटाएवढे मासे, आणि माशांवर टपलेला खंड्या. एकदा दिवड सापाने बेडूक धरला. बेडूक बराच वेळ ओरडत होता. दोघी मुली रडल्या. मी म्हटलं, दिवडालाही पोट आहे. पुस्तकातली साखळी मुलांच्या डोळ्यांपुढे चालू होती आणि मला काही शिकवायचं उरलंच नव्हतं.

वर्गात एक मुलगी होती, जूचंद्रकडच्या एका नव्या इमारतीतून येणारी. तिचे वडील भरावाचा धंदा करत. खोलगट जागांमध्ये माती, मुरूम टाकून त्या इमारतीसाठी सपाट करून देत. ती अबोल होती, पण बावखलावर तिचे डोळे सगळ्यांच्या आधी पोचत. एका शनिवारी परतताना तिने माझा पदर ओढून विचारलं, "बाई, यातलं एकच कुणीतरी गेलं तर बाकीच्यांना कळेल का?" मी म्हटलं, कळेल, पण उशिरा कळेल. तिने मान डोलावली आणि पुढे चालू लागली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा वाडीचं कुंपण पाडलेलं होतं. मुलगे बाहेरगावी स्थायिक झालेले, म्हाताऱ्यांच्याने वाडी होईना, म्हणून विकली, असं शिपाई म्हणाला. आजीबाईंना मी पुन्हा पाहिलं नाही. कामणकडून येणारे ट्रक दिवसभर बावखलाच्या काठावर मागे सरकत आणि माती ओतत. वर्गात शिकवलेलं ऐकू येत नसे. मुलं बाकांवर उभी राहून बघत, आणि मीही त्यांना खाली बसवत नव्हते.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "तो आमचा ट्रक आहे."

ती खाली बसली आणि तिने दप्तर मांडीवर घेतलं. मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवून घेतलं. बाबा काम करतात, जागा त्यांची नाही, असं काहीतरी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. घरी जाऊन मात्र तिने वडिलांना विचारलं की मासे आधी दुसरीकडे नेऊन सोडाल का. त्यांनी हसण्यावारी नेलं, तेव्हा ती जेवली नाही. हे मला तिच्या वडिलांकडूनच कळलं, कारण तिसऱ्या दिवशी ते शाळेत आले.

मोठ्या बाईंच्या खोलीत मला बोलावणं आलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. गृहस्थ आवाज न चढवता बोलत होते, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"बाई, मुलगी मला घरात खुनी म्हणते. तुम्ही काय शिकवता तिला?"

"अन्नसाखळी शिकवते. चौथीच्या पुस्तकात आहे."

"पुस्तकात ती वाडी आहे का?"

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी टेबलावरची काच पुसायला घेतली होती. त्याच गृहस्थांनी शाळेच्या पटांगणात भर टाकून द्यायचं कबूल केलं होतं, हे मला नंतर समजलं. मी एवढंच म्हटलं की तुमच्या धंद्याबद्दल मी वर्गात एक शब्दही काढलेला नाही, मुलीने जे पाहिलं तेच ती बोलली. ते उठले. जाताना म्हणाले, "तुम्ही राहता त्या बिल्डिंगखाली काय होतं, ते एकदा विचारून या."

मी विचारलं. आमच्या इमारतीखाली भातशेत होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला अजून बोचतं. पण त्या उत्तराने एकही मासा वाचला नाही.

त्या आठवड्यातच मुलीचं नाव शाळेतून काढलं गेलं. तिला वसई स्टेशनजवळच्या इंग्रजी शाळेत घातलं. मोठ्या बाईंनी मला पहिलीचा वर्ग दिला आणि म्हणाल्या, लहान मुलांवर तुमचा जीव आहे, तिथेच शोभाल. बावखल नाताळाच्या आधी बुजलं. एका कोपऱ्यात थोडं पाणी मागे राहिलं होतं, त्यात मासे नव्हते, बेडूक नव्हते, नुसत्या अळ्या होत्या. फेब्रुवारीत पाचसहा मुलं हिवतापाने घरी बसली. आरोग्य खात्याची माणसं शाळेत धूर मारून गेली. चौथीची मुलं मला व्हरांड्यात गाठून सांगत, "बाई, पान्यात मासे नाय, म्हणून मच्छर झाले." मी त्यांना हळू बोला म्हणाले.

वार्षिक परीक्षेत अन्नसाखळीचं उदाहरण विचारलं होतं. बऱ्याच मुलांनी बावखलातली साखळी लिहिली. पेपर तपासले चौथीच्या नव्या बाईंनी. पुस्तकातलं उदाहरण नाही म्हणून त्यांनी सगळ्यांचे गुण कापले. मी भांडायला गेले तर त्या म्हणाल्या, "असं तळं आहे कुठे? मला तर दिसलं नाही." त्या जानेवारीत रुजू झाल्या होत्या.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सात-आठच्या सुमारास, एका सहकारी बाईंच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाकडची एक उंच, छान कपडे केलेली तरुणी माझ्याजवळ आली आणि पाया पडली. नाव सांगितल्यावर मी ओळखलं. मला भरून आलं. ती कॉलेजला होती, वडिलांच्या ऑफिसातही बसत होती. मी विचारलं, बावखलावर जायचो ते आठवतं का.

ती आठवू लागली. "तळं वगैरे नाही आठवत, बाई. तुम्ही वर्गात पप्पांना वाईट म्हणाला होतात, म्हणून माझी शाळा बदलली, एवढं माहिती आहे. आई अजून सांगते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. लहानपणीची गंमत सांगावी तसं ती सांगत होती.

मी तिला खरं काय ते सांगणार होते. तेवढ्यात तिचे वडील आले, केस पांढरे झालेले. त्यांनी अगत्याने नमस्कार केला, तब्येत विचारली, जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणाले, आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला दुसऱ्या पाहुण्यांकडे घेऊन गेले. तिने जाता जाता मला हात केला.

मी जेवायला थांबले नाही. नवरानवरीवर अक्षता टाकून झाल्याच होत्या. बाहेर येऊन रिक्षा केली. घरी मिस्टरांनी विचारलं, लग्न कसं झालं. चांगलं झालं म्हटलं, आणि साडी बदलायला आत गेले.