वहीत नाव नसलेल्याचा तारा

कुशाबाई उमाप चिडली की समोरच्याने गप्प बसायचं, हे कुरकुंभच्या अलीकडच्या त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. चिडायला तिला फार मोठं कारण लागत नाही. चर्चमध्ये कुणी चपला घालून आलं की ती चिडते, प्रार्थनेत मोबाईल वाजला की चिडते, आणि पाळकसाहेबांचा उपदेश लांबला तर त्यांनाही खोकून दाखवते. वय चौसष्ट, अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. एका रविवारी घंटेची दोरी तुटली, तर हिने वस्तीच्या टोकाला उभं राहून हाका मारल्या आणि मंडळी रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी जमली.

तर या कुशाबाईचा यंदाचा नाताळ. त्याआधी तिथली एक रीत सांगायला हवी. ज्या ख्रिस्ती घरात वर्षभरात मयत झाली, त्या घराने नाताळात आपल्या हाताने दारावर तारा लावायचा नाही. दार नुसतं लोटून आत बसायचं. कॅरोल गाणारी मंडळी पहिल्या संध्याकाळी सगळ्यात आधी त्याच दारात येते, तीन कडव्यांचं एक जुनं गाणं म्हणते आणि स्वतः तारा टांगते. मग त्या घरात तळण पडतं, करंज्या होतात, पोरांच्या अंगावर नवे कपडे येतात. तोवर काही नाही. तारा म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर जिलेटीनचा कागद. गेली वीसेक वर्षं तो कुशाबाईच बनवते आणि टाळ घेऊन गाणंही तीच उचलते.

यंदा मयत तिच्याच घरात झाली होती. खंडू, तिचा पाठचा भाऊ. एमआयडीसीत ठेकेदाराकडे ड्रम चढवायच्या-उतरवायच्या कामावर होता. पगाराच्या दिवशी भरपूर प्यायचा, इतर दिवशी बेताने. बायको एकदा माहेरी गेली ती परत फिरकलीच नाही. तेव्हापासून एकोणीस वर्षं तो बहिणीच्याच घरी. रोज दोघांचं भांडण, रोज एका ताटात जेवण. सप्टेंबरात काविळीने गेला. मयतीच्या धांदलीत कुशाबाईला धड रडताही आलं नाही. डिसेंबरात मंडळी येईल, गाणं म्हणेल, तेव्हा आत बसून पोटभर रडू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तारा मात्र तिनेच करून चर्चच्या कपाटात ठेवला होता, कारण दुसऱ्या कुणाला पाच टोकं सरळ जमत नाहीत.

नाताळाआधीच्या रविवारी उपासना संपता संपता सेक्रेटरी भारत तोरणे सूचना वाचायला उभा राहिला. भारत एका केमिकल कंपनीत सुपरवायझर आहे. माणूस वाईट नाही, पण सगळं शेड्यूलप्रमाणे लागतं. मोबाईलमध्ये बघत त्याने कॅरोलची यादी वाचली. पहिल्या दिवशी कॉलनीतली घरं, दुसऱ्या दिवशी हायवेपलीकडची, तिसऱ्या दिवशी जुनी वस्ती. जुन्या वस्तीत सातवं नाव कुशाबाई उमाप. यंदा मयतीचं घर नाही, असंही त्याने वाचून टाकलं.

बायकांच्या बाजूने सतरंजीवरून कुशाबाई उठली.

"काय वाचलंस? परत वाच."

"मावशी, मीटिंगनंतर बोलू."

"न्हाई, आत्ताच वाच. माझा भाऊ काय हवापालटाला गेलाय व्हय?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तीन गावांना मिळून ते एकच पाळक आहेत, मोटारसायकलवर येतात-जातात, आणि भांडण पेटलं की त्यांचा चष्मा हटकून खराब होतो.

"खंडूमामाचं नाव रजिस्टरला नव्हतं, मावशी," भारत हलकेच म्हणाला. "तीन वर्षं प्रभुभोजनाला आले नाहीत, तवा कमी झालं. ज्याचं नाव वहीत न्हाई त्याच्यासाठी तारा न्हाई, असा आपल्या मंडळीचा नियमच हाय."

"कुणी केला असला नियम? कुठल्या शहाण्यानं?"

भारतला हे उत्तर द्यायचं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण शेड्यूलचा माणूस. त्याने कपाटातून इतिवृत्ताची जुनी वही काढली, पान शोधलं आणि वाचलं. अकरा वर्षांपूर्वीचा ठराव होता. सूचक, कुशाबाई शांतवन उमाप. खाली तिची सही होती, मोठ्या वाकड्या अक्षरातली.

कुशाबाईला सगळं आठवलं. त्या वर्षी धुरपदाचा नवरा हौसराव वारला होता. हौसरावाने धाकट्या पोराच्या लग्नात घरी खंडोबाचं जागरण घातलं, म्हणून मंडळीने त्याचं नाव कमी केलं होतं आणि चारच महिन्यांत तो गेला. त्याच्या दारात तारा न्यायचा की नाही, यावर पुरुषमंडळी नुसतीच माना खाजवत बसली होती. तेव्हा हीच उठली होती. नियम म्हणजे नियम, म्हणाली होती. एकाला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील, म्हणाली होती. धुरपदा तिची खुरपणीची जोडीदारीण, दोघींनी एका वाफ्यात वर्षानुवर्षं खुरपं चालवलेलं. तरीही म्हणाली होती.

आता माणसाने अशा वेळी खाली बसावं की नाही? ती बसली नाही. तिने कपाटातून स्वतः केलेला तारा काढला, काखेत मारला आणि आशीर्वाद व्हायच्या आत बाहेर पडली. तिला स्वतःचाच राग आला होता, आणि तो कसा करायचा असतो हे ठाऊक नसल्यामुळे तिने तो सगळ्या गावावर काढला. महिला मंडळाच्या करंज्यांना गेली नाही. बोलवायला आलेल्या दोघींना म्हणाली, "सारण वहीत भरा." तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे सातव्या नंबरला कॅरोलवाले आले. टेम्पोवर स्पीकर, पोरांच्या डोक्यावर लाल टोप्या. तिने दार सताड उघडलं.

"कुणाच्या घरी आलाय?"

"तुमच्या, मावशी," भारत म्हणाला.

"खंडूच्या न्हाई ना?"

भारतने स्पीकरचा आवाज कमी केला.

"मग निघा. माझ्यासाठी गायला मी काय पाळण्यातलं पोर हाय का?"

चोवीस तारखेला दुपारी ती तारा घेऊन धुरपदाच्या घरी निघाली. पश्चात्ताप वगैरे झाला म्हणून निघाली, असं कुणी समजू नये. तिचा हिशेब सरळ होता. हौसरावाच्या दारावर तारा लागला की तो ठराव मोडला, आणि ठराव मोडला की खंडूच्या वेळी तो कुणाला दाखवता येणार नाही. ज्याने मांडला त्यानेच मोडायचा. धुरपदाला काय वाटेल, याचा विचार तिने वाटेत केला नाही. अकरा वर्षांत दोघींचं बोलणं नव्हतं. धुरपदाने चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं आणि रस्त्यात समोरासमोर आल्या तरी सलाम घातला जात नव्हता.

धुरपदा दारापुढे ताडपत्रीवर बसून लाल कांद्याची पात कापत होती. तिने मान वर करून पाहिलं. आधी कुशाबाईला, मग ताऱ्याला.

"तारा लावायला आले," कुशाबाई म्हणाली.

"कुणाला?"

"हौसरावभाऊजींना."

धुरपदाने विळा खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. ओरडली नाही. कांदे निवडावेत तसं एकेक काढून समोर ठेवलं. त्या नाताळात नातू विचारत होता, आपल्याकडे का येत नाहीत. गाणं पलीकडच्या गल्लीपर्यंत आलं आणि तिथूनच वळलं. तिच्या थोरल्या सुनेने तळण काढलं नाही, कारण तारा लागला नव्हता, आणि ती रीत त्या पोरीला शिकवली होती कुणी, तर कुशाबाईनेच. "एका वाफ्यात खुरपलं आपण," धुरपदा म्हणाली. "माझं पोट दुखायचं तवा माझ्या वाटची पात तू खुरपायचीस. आन् त्या दिवशी तूच उठलीस. दुसरं कोण उठलं असतं तर मला येवढं लागलं नसतं."

कुशाबाईने ताऱ्याचं दुमडलेलं टोक बोटाने सरळ केलं. ती तारा धरून उन्हात उभी राहिली. शेवटी म्हणाली, "चुकले मी. लावू दे आता."

"काय लावती? तवाच लागला हुता तारा."

"कोण आलं हुतं?"

"तुझा खंडू."

कुशाबाईने तारा खाली टेकवला.

"एकटाच आला. पिऊन आला हुता, पर आला. खोक्याचा पुठ्ठा कापून तारा केलेला. टोकं चारच. हितं उंबऱ्याम्होरं उभा राहून गाणं म्हटलं सगळं. तिसरं कडवं आठवंना, म्हणून दुसरंच दोनदा म्हटलं. मग म्हणला, वैनी, आता तळण काढा. नातवासाठी रातच्याला मीच चार करंज्या तळल्या बघ."

"मला बोलला न्हाई कदी."

"मी म्हणलं की त्याला, तुझ्या भैनीला कळलं तर? तर म्हणला, आक्काला सांगू नका. ती नियमाची बाई हाय, तिला तरास व्हईल."

कुशाबाई ताडपत्रीच्या कडेला बसली. त्या संध्याकाळी खंडू दारू पिऊन उशिरा आला, म्हणून तिने त्याला जेवायला वाढलं नव्हतं, तेही आठवलं. तो काही न बोलता पाणी पिऊन झोपला होता. "मेल्या," ती मोठ्याने म्हणाली, "सांगायचंस की रे, तोंड शिवलं हुतं का तुझं?" आणि मग सप्टेंबरापासून राहून गेलेलं रडू एकदम आलं. नाक, डोळे, पदर, सगळं ओलं. रडता रडता ती खंडूला शिव्या घालत होती आणि मधूनच स्वतःला. धुरपदाने तिला उगी केलं नाही. थोड्या वेळाने तिने विळा उचलला आणि पात कापायला घेतली.

नाताळाच्या सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. कुरकुंभच्या शिफ्ट करून आलेली पोरं मागे उभी होती, पुठ्ठ्याचे पंख लावलेल्या मुली पुढे कुजबुजत होत्या. उपकारस्तुतीची वेळ आली. वर्षभरात देवाने काय काय केलं, ते एकेकाने उठून सांगायचं असतं. सुवर्णा साळवेने मुलाच्या नोकरीबद्दल सांगितलं, कुणी ऑपरेशनबद्दल. मग कुशाबाई उभी राहिली.

तिने खंडूची गोष्ट सांगितली, पुठ्ठ्याच्या चार टोकांसकट. आवाज खालीवर झाला नाही. "आपण सगळे वहीत हुतो," ती म्हणाली, "आन् त्या दारात एकबी गेला न्हाई. ज्याला आपण मागनं खोडला, तो गेला. तवा भारत, काढ ती वही. माझं नाव कमी कर. त्याला तुम्ही मोजत न्हाई ना, मग मलाबी मोजू नगा."

"मावशी, असं कसं," भारत चाचरला. "त्याला ठराव लागतो."

"मग लिव्ह की. सूचक, कुशाबाई उमाप. कसं लिवायचं ते तुला चांगलं ठावं हाय. अनुमोदन कोण देतंय बघू."

भारतने वही काढली खरी, पेनही उघडलं. लिहिलं मात्र काही नाही. पुरुषांच्या बाजूने कुणी मान वर केली नाही. बायका सतरंजीचे दोरे उपटत बसल्या. कुणी अनुमोदन दिलं नाही, आणि कुणी तिला नकोही म्हटलं नाही. पाळकसाहेबांचा चष्मा पुसून पुसून पार स्वच्छ झाला. शेवटी त्यांनी खुणेनेच तिला बसायला सांगितलं.

ती बसली नाही. मुलींचं नृत्य झालं, वाचन झालं, उपदेश सुरू होऊन लांबला, ती खोकलीसुद्धा नाही. बायकांच्या मधोमध काडीसारखी ताठ उभी, नजर थेट वहीवर. उपदेश संपला. मंडळीने उभं राहून घ्यायच्या शेवटच्या आशीर्वादासाठी पाळकसाहेबांनी हात वर केले आणि सगळी मंडळी उठून उभी राहिली.

तेव्हा कुशाबाई खाली बसली.