चालून दाखव

"चालून दाखव."

शेठ बोलला. तलासरीला बाजाराच्या रस्त्यावर त्याचं ऑफिस, बाहेर विमानाचं चित्र, आत एसी. आणि मी कुबडी काखेत धरून उभा. मला वाटलं काळजीने विचारतोय. खरंच वाटलं! म्हणून कुबडी टेबलाला टेकवली आणि चाललो. टेबलापासून पाण्याच्या कूलरपर्यंत. माझा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, तो बाजूने गोल फिरवून पुढे टाकावा लागतो. तसाच टाकत गेलो. बाकावर गंजाड गावची दोन पोरं बसलेली, बाहेरदेशी जायचं म्हणून चौकशीला आलेली. एकजण फिसकन हसला. दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

"हां, आता परत ये इकडे."

परत आलो.

"जो ने, चाले छे!" शेठ कॉम्प्युटरवरच्या भाच्याला गुजरातीत बोलला. मग माझ्याकडे वळला. "पाय आहे ना जाग्यावर? चालतोस ना? मग भरपाई कसली मागतो रे? तुम्ही डोंगरातली माणसं. तुम्हाला काय होतंय! पावसाळा संपला की ताडावर चढशील तू."

माझा बा दारात चपलांच्या शेजारी खाली बसला होता. खुर्ची रिकामी होती. कोणी त्याला वर बस बोललं नाही, तोही खुर्चीवर बसला नाही. शेठसाठी त्याने पिशवीत चिकू आणलेले. ती पिशवी मांडीवर धरून तो लादीकडे बघत होता. माझ्याकडे नाही. लादीकडे.

गाडीने उडवलं ते मी सहन केलं. पण मला चाल बोलले आणि मी चाललो, हे नाही सहन होत. आजपण नाही.

थांबा, आधीचं सांगतो, नाहीतर काही कळणार नाही.

आम्ही वारली. आमचा पाडा तलासरीच्या डोंगराकडे. घरी भात, नागली, चार कोंबड्या, पाठचा एक भाऊ. मी बारावी करून अच्छाडला हायवेवर एका ढाब्यावर लागलो. नाक्याला ट्रकांची लाईन लागते ना, त्या लाईनीत बाईकवरून पार्सल पोचवायचं. डाल फ्राय, रोटी, चहा. हॉर्न, धूळ, शिव्या, पण मला आवडायचं! बाईक मला पोहण्यासारखी यायची. गल्फला माणसं पाठवणारा हा शेठ तिथे जेवायला यायचा. एकदा बोलला, "हेच काम गल्फमध्ये कर ना भाय. हीच बाईक, हेच पार्सल. रस्ते बघशील तर वेडा होशील."

गेलो. रस्ते खरंच तसे होते.

त्या दिवशी सिग्नल लाल होता. मी थांबलो होतो. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण सगळे आधी हेच विचारतात, जोरात चालवत होतास काय? नाही. मी थांबलो होतो! मागून मोठी गाडी आली. पुढचं आठवतं ते एवढंच की मी रस्त्यावर पडलोय, गालाखाली गरम डांबर, आणि कुणाच्यातरी जेवणाचा लाल रस्सा माझ्याकडे वाहत येतोय. मला वाटलं रक्त. मग वाटलं नाही, रस्सा. मग दोन्ही एकमेकांत मिसळले. फोन वाजत होता. तो गिऱ्हाईकाचा होता, जेवण कुठे राहिलं म्हणून.

तिथल्या पोलिसांनी लिहिलं, चूक गाडीवाल्याची. साफ लिहिलंय. सोबतचे रायडर हॉस्पिटलला यायचे, ते बोलले, "घाबरू नको, गाडीवाल्याचा विमा तुला भरपाई देणार, कायदाच आहे." मीपण तेच धरून बसलो.

मग ऑपरेशन. मांडीत सळी, गुडघ्यात स्क्रू. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीचा माणूस आला. सेंट मारलेला, गोड बोलणारा. सोबत एक पोरगा मोबाईल धरून. माझं डोकं दुखण्याच्या औषधाने गरगरत होतं, छत खाली येतंय असं वाटायचं. तो हिंदीत इंग्लिशमध्ये भराभरा काय काय बोलला. मला त्यातलं धड काहीच कळलं नाही. शेवटी त्याने माझ्या प्लॅस्टरवर हात ठेवला, थोपटला, आणि विचारलं, "चलेगा ना?"

 तोच प्रश्न मी शुद्धीवर आल्यापासून स्वतःला विचारत होतो. आणि हा पहिला माणूस ज्याने मला तो विचारला. मी रडत बोललो, "चलेगा साहेब. चलेगा."

त्याने माझा अंगठा धरला, शाई लावली, कागदावर टेकवला.

झालं. नंतर हातात घरचं तिकीट, थोडे पैसे आणि रामराम. कंपनीवाले बोलले, विम्याशी आम्ही बोललो, भरपाईचा मामला मिटला, तू कबूल झालास. मी चाट पडलो. कशाला कबूल झालो?

घरी आलो तेव्हा आवणीचे दिवस. सगळा पाडा चिखलात वाकून भात लावत होता. मी एकदा उतरलो खाचरात. पाय रुतला तो निघेना. वाकवून काढायचा असतो ना पाय चिखलातून! माझा वाकतच नाही. बाने आणि शेजारच्या काकाने काखेत हात घालून मला उपटून काढलं, रोप उपटतात तसं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अजून एक सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. मला उकिडवं बसता येत नाही. संडासला कसा बसू? पहिले दिवस मी जेवायचोच नाही. माझ्या आईला कळलं, आम्ही आईला आयस म्हणतो. ती मला काही बोलली नाही, बाला बोलली. बाने प्लॅस्टिकच्या खुर्चीला विळा तापवून भोक पाडलं आणि ती परसात नेऊन ठेवली. तीन बाजूंनी गोणपाट लावलं. बा माझ्यासमोर आला नाही दिवसभर. मी एकवीस वर्षांचा आहे. ती खुर्ची बघून मी गोणपाटात तोंड घालून रडलो.

तेव्हाच ठरलं की ज्याने पाठवलं त्या शेठकडे जायचं आणि भरपाईचं विचारायचं. गेलो. आणि तिथे काय झालं ते वरती सांगितलंच.

त्याच संध्याकाळी शेठने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकला. हॉस्पिटलचा, कंपनीच्या त्या पोराने काढलेला. खाली लिहिलं, "बघ, तूच बोलला चलेगा. आता नाटक बंद."

मी ओट्यावर बसून बघितला. मग परत बघितला. आयस नागलीचं पीठ मळत होती, पिठाच्या हाताने येऊन मागे उभी राहिली. तिला हिंदी येत नाही.

"काय विचारतो तो बाप्या?"

"चालेल का, असं विचारतो."

"आणि तू?"

"चालेल बोललो."

तिने हातावरचं पीठ खरवडलं. मग बोलली, "मग? चालंल असंच वाटलं होतं ना आपल्याला. तू कुठे खोटा बोललास?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. अरे! तिलापण तेच ऐकू आलं! आमच्या घरात चालणं म्हणजे पायाने चालणं. होकार द्यायचा तर आम्ही हां बोलतो. मला बाजारातलं 'चलेगा' माहीत आहे, मी ढाब्यावर दिवसभर तेच बोलायचो. पण मांडीत सळी घालून पडलेल्या माणसाच्या प्लॅस्टरवर हात ठेवून चलेगा विचारलं तर तो काय ऐकणार? सौदा ऐकणार की पाय?

त्या माणसाने हात ठेवला नसता तर कदाचित मी विचारलं असतं, काय चलेगा. तो हात त्याने मायेने नव्हता ठेवला.

व्हिडिओ घेऊन मी डहाणूला एका वकीलबाईंकडे गेलो. कोर्टाजवळ बसतात, गरिबांची कामं बिनपैशांनी करतात. त्यांनी आवाज बंद करून बघितला, मग आवाज लावून. "हा तुला कोणी पाठवला?"

"शेठने."

"स्वतःहून?" त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "हे बघ, इथे कुठेही भरपाई हा शब्द तुला समजेल असा आलेलाच नाही. तू औषधाच्या अंमलात आहेस, ते दिसतंय. आणि त्याचा हात दिसतोय. ही संमती मी मानत नाही. तिकडचे मानतात का, लढून बघू. वेळ लागेल. जमेल थांबायला?"

मी हां बोललो.

वकीलबाईंची नोटीस कंपनीला आणि शेठला गेली आणि शेठची गाडी आमच्या पाड्यावर आली! पावसात, रस्ता नसलेल्या वाटेने, चिखल उडवत. सोबत भाचा, मोबाईल घेऊन. शेठने छत्री मिटली, हसला. कित्येक वर्षांची ओळख असल्यासारखा बाला "काका" बोलला. खिशातून पाकीट काढून ओट्यावर ठेवलं.

"हे राहू द्या घरात. पोरगा आपलाच आहे. फक्त एक छोटा व्हिडिओ द्या. चार पावलं चालायचं आणि बोलायचं, मी बरा आहे, माझी काही तक्रार नाही. बस." मग मला, "चल, उठ. चालून दाखव."

पाड्यावरची माणसं जमली होती. बायका, पोरं, सगळे. भाच्याने मोबाईल वर केला.

   पाकिटात काय असेल ते मला माहीत नव्हतं, पण घरात काय नव्हतं ते माहीत होतं. मी उठलो नाही.

"नाही," मी बोललो.

"काय नाही?"

"नाही चालणार."

"अरे, चालता येतं तुला, मी बघितलंय!"

"येतं. तुला नाही दाखवणार."

त्याला मी पहिल्यांदा तू बोललो. भाचा मोबाईल खाली करायचा विसरला. शेठचं हसू गेलं. "माज आला काय रे? काका, समजवा याला. पुढे याच्या भावाला, पाड्यातल्या कुणाला नोकरी लागणार नाही, सांगून ठेवतो."

बा ओट्यावर उभा होता. आमच्याकडे पाहुणा आला की खाट टाकतात, शत्रू आला तरी टाकतात. बाने खाट टाकली नव्हती. तो वाकला, पाकीट उचललं, शेठच्या छत्रीच्या घडीत खोचलं.

"पोरगा नाही बोलला," बा म्हणाला. "ऐकू आलं ना तुला?"

गाडी परत जाताना चिखलात अडकली. पाड्यातल्या पोरांनीच ढकलली. आमची माणसं अशीच आहेत, त्याचा मला राग येतो आणि येतही नाही.

पैसे अजून आलेले नाहीत. येतील की नाही माहीत नाही. गुडघा वाकत नाही, तो कधीच वाकणार नाही, डॉक्टरने सांगून टाकलंय. यंदाही आवणीला मी बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधल्या.

पण तिकडे गल्फच्या कोर्टात अर्ज दाखल झालाय, माझ्या नावाने. सुनावणी मोबाईलवर होणार. परवा तिकडच्या कचेरीतून फोन आला, दुभाषा कुठल्या भाषेचा पाहिजे? मी बोललो, वारली. पलीकडचा माणूस गोंधळला. असली भाषा आमच्याकडे नाही बोलला, हिंदी लिहू? तुम्हाला हिंदी येते ना, आता बोलताय की.

मी बोललो, "जेवण पोचवण्यापुरती येते. पाय देण्यापुरती येत नाही."

तो बोलला, मग तारीख पुढे जाईल. खूप पुढे जाईल.

"जाऊ दे. माणूस शोधा. तो मिळेपर्यंत मी एका शब्दाला हां बोलणार नाही."