सहावा आवाज

काकांनी त्यांचा सिंथेसायझर माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आणला तेव्हा तो रिक्षातून उतरवायला आम्ही दोघं कमी पडलो. शेजारच्या चहावाल्याला हाक मारावी लागली. काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता सत्तरी ओलांडली होती, पण जत्रा, लग्नं, गणपती सगळीकडं त्यांनी आयुष्यभर हेच एक वाद्य फिरवलं होतं.

"पाच सूर देतंय, सहावा खातंय," ते म्हणाले.

मी वाजवून बघितलं. कुठलीही पट्टी दाबा, पाच वेळा आवाज यायचा आणि सहाव्या वेळी शांतता. या जुन्या वाद्यात आवाज काढणारी सहा सर्किटं असतात आणि सूर पाळीपाळीनं एकेकाकडं जातो. सहाव्यातली अंगठ्याच्या पेराएवढी एक चिप मेली होती. ती चिप बनवणं बंद होऊन कित्येक वर्षं झालीत.

मी परदेशातून मागवली. दीड महिन्यानं आली, लावली, तरी शांतताच. संशय आला म्हणून कापसावर थिनर घेऊन तिच्यावरची अक्षरं पुसली, तर ती कापसाला लागून आली आणि खालून भलताच नंबर निघाला. दुसरीच कसली तरी चिप रंगवून मला विकली होती.

काकांना फोन केला. "ऱ्हाऊ दे मग. पाचावर भागवू की," म्हणाले.

मला ते फार लागलं. सुट्टे भाग विकणाऱ्या ओळखीच्या दुकानदाराकडं मी गाऱ्हाणं घातलं, तर तो म्हणाला, "गडमुडशिंगीत एक बाई हायत. कागलच्या एमआयडीसीत टेस्टिंगला होत्या. त्यास्नी इचारून बघा."

बाईंची खोली गोठ्याला लागून होती. टेबलावर मीटर, सोल्डरिंगची बंदूक, आणि भिंतीपलीकडं म्हैस हंबरत होती. मी वाद्याच्या जुन्या पुस्तकातला त्या चिपच्या आतल्या जोडणीचा नकाशा त्यांच्यापुढं ठेवला. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून त्यांनी तो पंधराएक मिनिटं वाचला.

"चिप चिप काय करताय पावणं? आत ट्रान्झिस्टरच हायत की. सुटं सुटं जोडायचं."

"जमेल काकू?"

"जोड्या जमल्या तर जमंल."

जोड्या म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. एका पाकिटातले दोन ट्रान्झिस्टरसुद्धा तंतोतंत सारखे नसतात, आणि इथं तर अगदी जुळे हवे होते. त्या एकेक मोजून कागदावर आकडा लिहीत होत्या. मी वाकून बघायला गेलो, तर मीटरवरचा आकडा हलला.

"लांब सरका. तुमच्या श्वासानं गरम व्हाय लागलंय."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. वीस वर्षं ही दुरुस्ती करतोय, पण माणसाच्या श्वासानं सूर बदलू शकतो हे असं समोर कधी पाहिलं नव्हतं. दोनशे ट्रान्झिस्टरांतून सात जोड्या निघाल्या.

पुढच्या सोमवारी दुपारी गडमुडशिंगीच्या काकू बसनं दुकानात आल्या. स्टीलच्या डब्यात कापसावर त्या जोड्या बसवलेला काड्यापेटीएवढा बोर्ड होता. मी तो चिपच्या जागी बसवला, वाद्य अर्धा तास तापू दिलं, सूर जुळवले. काकांना मी बोलावून घेतलं होतं; ते खुर्ची ओढून बसले आणि सावकाश एकेक पट्टी दाबू लागले. पाच झाले. सहावा आला.

काकांनी पुन्हा सुरुवात केली, मग मधूनच, मग उलट. मोजणी आमच्या हातातून निसटली.

"यातला माझा कुठला?" काकूंनी विचारलं.

काकांनी डोळे मिटून दोन-तीनदा वाजवलं. "वळकू येत न्हाय," ते म्हणाले. मग दोन्ही हातांनी सहा पट्ट्या एकदम दाबल्या. कपाटाच्या काचा थरथरल्या. पहिली पाच सर्किटं कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात जन्मलेली, आणि सहावं म्हशीच्या गोठ्याशेजारी, पण सगळी एकाच गळ्यातून गात होती.

काकू उभ्याच होत्या. "मी आख्खी नोकरी मीटरवरच काढली," त्या म्हणाल्या. "काटा हाललेला बघायचा, बास. ऐकायला कधी मिळालं न्हाय."

काका खुर्चीवरून उठले. "बसा ताई."

काकूंनी पदराला बोटं पुसली, बसल्या, मधली एक पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. त्यांची बस चुकली. पुढच्या बसनं गेल्या.