तीन शेपट्यांचे प्रवासी

कल्पना करा, तुम्ही गुडघाभर गार पाण्यात उभे आहात. पुढ्यात जाळी धरलीय आणि जागच्या जागी पाय आपटून तळाचे दगड ढवळताय, म्हणजे दगडांखालचे किडे सुटून प्रवाहाबरोबर जाळीत येतील. बुटात काहीतरी वळवळतंय, काठावर विद्यार्थी फिदीफिदी हसतायत, आणि जाळी सोडायची सोय नाही.

पर्यावरण शिकवणाऱ्या मॅडमनी दिवसभर हेच केलं, तेव्हा कुठे तीन शेपट्यांच्या चार अळ्या हाती लागल्या. जीव नखाएवढा, पण नखरे केवढे! पाणी जरा घाण झालं की मान टाकतात. त्या जिवंत सापडल्या म्हणजे कॉलेजमागचा ओढाही जिवंत. इंजिनिअरसाहेबांनी मात्र त्याला मेलेला नाला ठरवून पाइपात कोंबायचा बेत केला होता. ते सकाळी बघायला येणार होते. त्यांना अळ्या दाखवल्या तरच ओढा वाचणार होता.

मॅडमनी त्या अळ्या आणि जाळीत आलेले बाकीचे किडे एकेका बरणीत वेगळे घालून बरण्या घरी ओट्यावर मांडल्या. इथेच घात झाला. मॅडमचे बाबा जन्मभर बसचे कंडक्टर. एवढी जागा रिकामी जातेय, हे त्यांना बघवेना.

सकाळी ओट्यावर एकच टब होता. टबात एकच गुबगुबीत किडा, सुस्तावलेला.

“बाबा! हे काय केलंत?”

“अगं, एकेकाला आख्खी बरणी? म्हटलं, सरका थोडं आत, सगळे मावतील.”

“हे चतुराचं पिल्लू आहे, बाबा. ते बाकीच्यांना खातं!”

बाबांनी टबात डोकावलं. “सगळी गाडी खाल्ली? मेल्याच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही गं.”

मग बापलेक धावतच ओढ्यावर. दोघांनी पाय आपटून आपटून पाण्याचा चिखल केला. जाळीत आली पानं, पिशवी आणि कुणाचा तरी मोजा. तेवढ्यात साहेब हजर, चकचकीत बूट घालून.

“मॅडम, दाखवताय ना? मला उशीर होतोय.”

मॅडमनी मोजा पाठीमागे लपवला. बाबांच्या तोंडून मात्र जुनी आरोळी सुटली, “ओ साहेब, दारात उभं राहू नका, आत चला!”

साहेबही जन्मभर बसनेच फिरलेले. सवयीनं त्यांनी पाऊल पुढे टाकलं आणि थेट प्रवाहात बसले. त्यांच्या धक्क्यानं एक थोरला दगड उलटला. मॅडमनी झडप घालून जाळी लावली. उचलून बघतात तर तीन शेपट्या, वळवळणाऱ्या!

साहेब भिजलेल्या चष्म्यातून बघतच राहिले. “पाइपाचं काम थांबवतो,” ते म्हणाले. “फक्त मी कसा बसलो, ते ऑफिसात कळू देऊ नका.”

घरी जाताना बाबांनी विचारलं, “त्या अळीचं पुढे काय होतं?”

“पंख फुटतात. मग जेमतेम दिवसभर जगते, काही खातही नाही. अंडी घालते आणि संपते.”

“एवढ्या घाईत शेजारचा घाण नाला सोडून तिला आपलाच ओढा कसा सापडतो गं?”

मॅडम चालता चालता थांबल्या. खरंच, कसा सापडत असेल?