मुरुडच्या पुढचा स्तूप

नांदेडहून लातूरला निघालो तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. मी भूगोलाचा मास्तर. मुरुडच्या पुढं एका गावात विटांचा प्राचीन स्तूप आहे, हे शाळेच्या ग्रंथालयातल्या एका जुनाट पुस्तकातून मीच शोधून काढलं होतं आणि फोनवर आत्याला सांगून बसलो होतो. सोमवारी लातुरात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. तिनं फर्मान काढलं, "गुडघे बदलायच्या आधी ह्याच गुडघ्यांनी स्तूपाला तीन फेऱ्या घालायच्या. बिघडले असले तरी माझेच आहेत."

अहमदपूरला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट फोडणीचा पदार्थ) दोन प्लेट दाबून खाल्ली. त्यात उशीर झाला. लातुरात आत्या पांढरी साडी नेसून, शेवंतीची फुलं, मेणबत्त्या आणि धपाट्यांचा डबा घेऊन फाटकातच उभी होती.

"काय रे पद्या! बुद्धांना अडीच हजार वर्षं झाली, म्हणून आणखी थांबवायचं का?"

मागच्या सीटवर पाय लांब करून ती बसली आणि मुरुडपर्यंत मला गाडी कशी चालवावी ते शिकवत राहिली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. कारण पुढं कळेल. पारावर चाँदचाचा बसले होते, गावचे जुने गवंडी. मी रुबाबात विचारलं, "स्तूप कुठं आहे?"

"स्तूप? तसलं काय न्हाई बा इथं."

"अहो, जुनं टेकाड. विटांचं."

"हां, पांढरी (जुन्या वस्तीची जागा) म्हणा की!" असं म्हणत ते कुणी न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसलेसुद्धा.

गावाबाहेर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बोट दाखवलं. समोर सोयाबीन. सपाट, हिरवंगार सोयाबीन. मी बांधावरून डावीकडं पळालो, उजवीकडं पळालो, एका पायाचा बूट चिखलात ठेवून परत आलो.

"सर, तुमचं पुस्तक कवाचं हाय?" चाचांनी विचारलं.

"निजामाच्या काळातलं."

"मंग बराबर लिव्हलंय. तवा होतं की टेकाड."

आत्या बांधावर बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिचे डोळे भरले. "पुन्हा येईन तेव्हा हे गुडघे नसतील रे," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, "शेतालाच फेऱ्या घालू या का?"

"सोयाबीनला?" तिनं असं पाहिलं, की मी दुसरा बूटही चिखलात घातला.

चाचा मघापासून टोपी काढून डोकं खाजवत होते. शेवटी म्हणाले, "बाई, गुस्सा न्हाई करनार तर सांगतो. माती समद्या गावानं माळवदावर (घराच्या मातीच्या छतावर) टाकली. इटा म्या नेल्या. जवान होतो, घर बांधायलो होतो. असल्या पक्क्या इटा कोन सोडतंय? कशाच्या हायेत, मला काय ठावं!"

आत्या उठून उभी राहिली. "घर कुठंय तुमचं?"

घर दोन खोल्यांचं. भिंतीत हातभर लांबीच्या तांबड्या विटा. आत्यानं तळवा टेकवला आणि मग काढेचना. चाचा मात्र घाबरले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, गावाचं नाव कुठं छापू नका. सायेब लोक येतील, भिंत मोजतील, आन् म्हातारपनी मला भायेर काढतील." मी शब्द दिला, तो पाळतोय.

मी मेणबत्ती लावेपर्यंत त्यांच्या शेळीनं शेवंती संपवली. "खाऊ दे, तिला पुण्य," आत्या म्हणाली आणि घरालाच फेऱ्या घालायला निघाली. पुढं चाचा बाज, बादली, कोंबड्या बाजूला सारत; मधे आत्या, "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणत; मागं मी. घर आणि शेजारची भिंत यांच्यामधल्या बोळात मी पोटाशी अडकलो. चाचांनी हात धरून उपसून काढलं.

दुसऱ्या फेरीला आत्याचे पाय थरथरायला लागले. चाचांनी स्टूल आणलं. "बाई, दोन बी चालतात. वरच्याला समदं कळतंय."

"तीन म्हणजे तीन."

तिसरी फेरी तिनं भिंत धरून घातली. एक वीट, थांबायचं. दुसरी वीट, थांबायचं. चाचा दोन्ही हात पसरून तिच्यापुढं उलटे चालत होते. फेरी संपली आणि आत्या ओट्यावर बसून लहान पोरीसारखी खदखदून हसली.

चाचींनी चहा दिला, आम्ही धपाटे काढले. चाचा भिंतीपासून लांब बसून म्हणाले, "जिंदगीभर हिला पाठ लावून बिडी ओढली. आता कसा टेकू?"

"टेका की," आत्या म्हणाली. "पाडू नका म्हणजे झालं."

परतताना मुरुड ओलांडलं. मी पुस्तकावर विसंबून तिला इतकं दमवलं, हे माझ्या मनातून जाईना. शेवटी म्हणालो, "आत्या, चुकलो. स्तूप काही दाखवता आला नाही तुला."

"गप रे," ती गुडघे चोळत म्हणाली. "सांचीचा पाहिलाय मी. मोठा आहे. पण तिथं मला कुणी चहा नाही विचारला."